दांडा खाली आला म्हणजे ब्रेक सुटला?

प्रश्न, थोडक्यात: एका वाचकांकडे अठरा वर्षांची छोटी हॅचबॅक आहे. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना, गिअर हाताने टाकायचे, मागे ड्रम ब्रेक. गाडी सात आठवडे उघड्यावर, पावसात, हँडब्रेक ओढून उभी होती. परत काढताना दांडा खाली घेतला तरी ती जागची हलेना. पहिला गिअर टाकून ॲक्सिलरेटर दिल्यावर मागून ‘खट्’ असा मोठा आवाज झाला आणि गाडी सुटली. तेव्हापासून उजवं मागचं चाक तापतं, जळका वास येतो आणि वळणावर डॅशबोर्डवरचा लाल ब्रेकचा दिवा लुकलुकतो. मेकॅनिकने दोन्ही केबल, ब्रेक शू आणि व्हील सिलिंडर असं सगळंच बदलायला सांगितलं आहे. मेहुणे म्हणतात, ड्रमच्या फटीतून गंज सोडवायचा स्प्रे मारा, मोकळं होईल. शेजाऱ्यांचं म्हणणं, हँडब्रेक वापरूच नका, गाडी गिअरमध्ये उभी करत जा. वाचक विचारतात, ‘मेकॅनिक मला लुबाडतोय का? नुसती केबल बदलून भागणार नाही का?’

उत्तर:

आधी एक विनंती. चाकाची तपासणी होईपर्यंत ही गाडी चालवू नका, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही नको. कारण तो ‘खट्’ आवाज. ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या डब्याला, गंजाने चिकटलेला शू, म्हणजे त्याला आतून दाबून धरणारी वाकडी पट्टी, सुटताना तसा आवाज येतो, पण लोखंडी शूवर चिकटवलेला लायनर, म्हणजे घासणारा थर, शूपासून उखडला तरी अगदी तसाच येतो. बाहेरून कान देऊन हे दोन आवाज वेगळे ओळखता येत नाहीत. पहिल्या प्रकारात फारसं काही बिघडलेलं नसतं. दुसऱ्यात लायनरचा सुटा तुकडा ड्रम आणि शू यांच्या मध्ये फिरत असतो, आणि पाचराप्रमाणे अडकला तर चालत्या गाडीचं चाक अचानक जाम होऊ शकतं.

मेहुण्यांचा स्प्रे बाजूलाच राहू द्या. तेल लायनरमध्ये मुरतं आणि पुसून निघत नाही. तेलकट लायनर एकतर धरत नाही किंवा एकदम झटक्याने धरतो. गंज सुटला तरी शू फेकून द्यावे लागतील.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही ‘हँडब्रेक जाम झालाय’ असं लिहिलं आहे आणि त्यावरून केबलपाशी पोहोचला आहात. पण हँडब्रेक ही एक वस्तू नाही, ती साखळी आहे. सीटजवळचा दांडा, त्याचा खटका, त्याला जोडलेली सळई, एका सळईची ओढ दोन केबलना वाटून देणारी आडवी पट्टी म्हणजे इक्वलायझर, मग डावी-उजवी केबल, ड्रमच्या आतली छोटी पट्टी आणि शेवटी शू. दांडा ओढला की ही ओढ पुढून मागे जाते. सोडताना मात्र दांडा काहीच ढकलत नाही. तार ढकलता येत नसते. परतीचं सगळं काम ड्रममधल्या स्प्रिंगांवर असतं. म्हणून दांडा खाली गेला एवढ्यावरून फक्त दांडा खाली गेल्याचं कळतं. मागे शू सुटला की नाही, ते चाकापाशीच बघावं लागतं.

त्यातही, चाक धरून ठेवणारा हँडब्रेकच असेल असं नाही. पायाच्या ब्रेकचा दाब त्याच शूंवर येतो. तो दाब परत गेला नाही तरी चाक असंच तापतं.

तुमच्या पत्रात दोन खुणा आहेत आणि त्या एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. गाडी उभ्या उभ्या जाम झाली, हे गंजाचं किंवा केबलचं लक्षण. ब्रेक ऑइलचा अडकलेला दाब सात आठवडे तसाच टिकत नाही, हळूहळू ओसरतो. पण आता चाक चालताना तापतंय. हे केबल परत न येण्यामुळे, उखडलेल्या लायनरमुळे किंवा ऑइलच्या दाबामुळे, कशानेही होऊ शकतं. तिसरी खूण तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण मला तीच महत्त्वाची वाटते: दिवा वळणावर लुकलुकतो. बहुतेक गाड्यांत हा एकच लाल दिवा दोन कामं करतो. दांडा वर असेल तर लागतो आणि ब्रेक ऑइल कमी झालं तरी लागतो. दांड्याचा स्विच बिघडला असता तर दिव्याला वळणाशी देणंघेणं नसतं. वळताना ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल एका बाजूला जातं, तरंगणारा गोळा खाली बसतो आणि दिवा लागतो. तेव्हा बॉनेट उघडून टाकीतली पातळी आधी बघा. ती कमी असेल तर नुसती भरून मोकळे होऊ नका. लायनर झिजले की पातळी हळूहळू उतरतेच, पण व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणारा ड्रममधला छोटा सिलिंडर, गळत असेल तरी उतरते. उजव्या मागच्या टायरच्या आतल्या बाजूला किंवा ड्रमच्या मागच्या पत्र्यावर, म्हणजे बॅक प्लेटवर, ओला डाग दिसतो का बघा. दिसला तर मेकॅनिकच्या यादीतली एक वस्तू तरी खरी ठरली.

चाक उचलून बघणं

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. तुमच्या गाडीत गिअर पुढची चाकं धरून ठेवतो, त्यामुळे मागची मोकळी फिरवून बघता येतात. ज्यांच्या गाडीत ओढ मागच्या चाकांना आहे त्यांना ही सोय नाही. त्यांनी न्यूट्रलमध्येच तपासायचं आणि सगळी भिस्त ठोकळ्यांवर ठेवायची. व्हील नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करून घ्या. मग जॅक ठरलेल्या जागी लावून गाडी उचला आणि स्टँडवर बसवा. जॅक उचलण्यापुरता असतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालू नये.

शक्य असेल तर मागची दोन्ही चाकं उचला, कारण डावं चाक हीच तुमची तुलनेची मोजपट्टी. दांडा पूर्ण खाली घेऊन दोन्ही चाकं हाताने फिरवा. ड्रममधून हलकी ‘सर्र सर्र’ येणं ठीक आहे. चाक एका धक्क्याने एक-दोन फेरे घेत असेल तर ते मोकळं. दोन्ही हातांनी जोर लावूनही अडत असेल, किंवा प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडत असेल, तर ते तुमचं आजारी चाक. एकाच जागी अडणं म्हणजे ड्रम लंबगोल झालाय किंवा आत काही सुटं आहे. आणि फिरताना घरघर येत असेल, चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळतंय असं वाटत असेल, तर बेअरिंगही बघायला हवं. तापलेल्या ड्रमने बेअरिंगचं ग्रीस पातळ होऊन निघून जातं.

आता सगळ्यात उपयोगी चाचणी. हिला हत्यार लागत नाही, एक मदतनीस लागतो. चाक जरा तरी फिरत असेल तर मदतनीसाला ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा जोरात दाबून सोडायला सांगा आणि लगेच चाक फिरवा. मग पेडलला हात-पाय न लावता हँडब्रेक पूर्ण ओढून सोडायला सांगा आणि पुन्हा फिरवा. पायानंतर अडलं तर दोष ऑइलच्या बाजूला. हातानंतर अडलं तर दोष केबल किंवा आतल्या पट्टीत. दोन्हींत सारखंच अडलं तर दोष शू, ड्रम किंवा स्प्रिंगांत. तुमच्या तीन शक्यता वेगळ्या करायला एवढं पुरतं, आणि अजून एकही पार्ट विकत घेतलेला नाही.

हाताच्या बाजूला दोष असेल तर

गाडीखाली इक्वलायझर शोधा. काही गाड्यांत तो दांड्याच्या कव्हरखाली, आतच असतो. दांडा खाली असताना दोन्ही केबलच्या उघड्या तारा बोटांनी हलवून बघा.

दोन्ही ताठ असतील तर कोणीतरी ॲडजस्टिंग नट जास्त आवळला आहे, नाहीतर दांडा किंवा सळई पूर्ण परत येत नाही. नटबाहेर किती आटे दिसतात ते मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा आणि नट सैल करा. चाक सुटलं तर शोध इथेच थांबला.

डावी तार जराशी ताणलेली आणि उजवी लोंबती असेल तर? इथे बरेच जण फसतात. लोंबती तार बघून वाटतं, ही तर सैल आहे, हिचा काय दोष. पण केबल आवरणात गंजून अडकली की असंच होतं. दांडा ओढताना तार पुढे आली आणि आवरणात रुतून बसली. दांडा सोडल्यावर पुढचं टोक सैल पडलं, आवरणाच्या पलीकडची बाजू मात्र ड्रममधली पट्टी तशीच ओढून बसली आहे. पुढे ढिली, मागे ताठ. ही लोंबती तार पकडीने हलकेच पुढे ओढून सोडा. स्प्रिंगसारखी झटकन मागे गेली तर केबल जिवंत आहे. हललीच नाही, किंवा पुढे आली आणि तिथेच राहिली, तर दोष केबलमध्ये किंवा ती जिला जोडली आहे त्या आतल्या पट्टीत. या दोघींतली कोण, हे ड्रम उघडून केबलचं टोक पट्टीतून काढल्यावर कळतं. टोक सुटं झाल्यावर तार आवरणात दोन बोटांनी मागे-पुढे सरकली पाहिजे. पकड लावावी लागली तर केबल गेली.

केबल कुठे मरते तेही बघून घ्या. आवरणाच्या टोकाला रबरी बूट असतो. तो चिरला की पाणी आत जातं आणि आवरणाच्या सगळ्यात खोल वाकावर साचतं. तिथे आवरण फुगलेलं, प्लॅस्टिक तडकून तपकिरी रंग बाहेर आलेला दिसतो. अशा केबलमध्ये तेल सोडून ती चार दिवस चालते, मग पुन्हा अडकते. जिथे आवरणाच्या आत प्लॅस्टिकचं अस्तर आहे तिथे तर ग्रीस घालूच नये, धूळ धरून ते लगदा होतं. केबल बदलायची तर डावी-उजवी एकदम बदला. एक नवी आणि एक अठरा वर्षांची असली तर ओढ सारखी येत नाही आणि दुसरीही लवकरच तोच रस्ता धरते. नवी केबल जुन्या क्लिपांतून, जुन्याच वाटेने न्या. सायलेन्सरच्या पाइपाजवळून शॉर्टकट काढला तर अस्तर वितळतं.

पायाच्या बाजूला दोष असेल तर

चाक अडलेलं असतानाच ब्लीडर निपलवर, म्हणजे बॅक प्लेटमागच्या ऑइल सोडायच्या तोटीवर, पारदर्शक नळी चढवा, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निपल पाव ते अर्धा फेरा उघडा. ऑइल जोरात उडालं आणि चाक लगेच सुटलं तर दाब अडकलेला होता. जुनी निपल सहज तुटते. आदल्या दिवशी तिच्या मुळाशी गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा (तो इथे बॅक प्लेटच्या बाहेर चालतो), सहा कोनांचा रिंग पाना वापरा आणि सोडण्याआधी किंचित आवळून बघा.

दाब अडकण्याचं जुन्या गाडीतलं नेहमीचं कारण म्हणजे रबरी होज पाइप. बाहेरून धडधाकट दिसतो, आतून फुगून त्याची वाट केसाएवढी झालेली असते. पायाचा जोर मोठा, तो ऑइल पुढे रेटतो. परतीला फक्त शूच्या स्प्रिंगा, त्यांच्याने ते मागे जात नाही. खात्री करायची तर होजच्या मास्टर सिलिंडरकडच्या, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरकडच्या, टोकाचा जोड जरा सैल करा. तिथे सैल केल्यावर चाक सुटत नाही आणि निपल उघडल्यावर सुटतं, म्हणजे होजच दोषी. तिथेही सुटलं तर दोष आणखी पुढे, मास्टर सिलिंडरकडे किंवा पेडलच्या दांडीला मोकळा खेळ न उरण्यात. दोन्ही मागच्या चाकांना मिळून एकच होज असेल तर दोन्ही चाकं तापतात. फक्त एक तापत असेल तर त्या चाकाचा व्हील सिलिंडर गंजून पिस्टन अडकला असण्याची शक्यता जास्त.

ऑइलचा जोड उघडला की ब्लीडिंग, म्हणजे पाइपात शिरलेली हवा काढणं, करावंच लागतं. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्याच दर्जाचं, सील न उघडलेल्या डब्यातलं ऑइल घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा धरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. अडकलेल्या ब्रेकचा ड्रम इतकं तापमान सहज गाठतो. मग ऑइल उकळून पाइपात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जमिनीला टेकतं. तुम्ही ‘नुसता वास येतो’ म्हणून चालवत राहिला असता तर पुढचा मुक्काम हा होता. अशा तापलेल्या ड्रमवर पाणीही ओतायचं नाही, बिडाला तडा जातो.

ड्रम उघडणं

तुमच्या बाबतीत, वरच्या चाचण्यांचा निकाल काहीही लागो, त्या ‘खट्’ आवाजासाठी उजवा ड्रम उघडावाच लागणार. आधी एक धोक्याची सूचना. जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली काळी पूड हवेच्या नळीने किंवा तोंडाने कधीच फुंकू नका. साबणाच्या पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

दांडा खाली, इक्वलायझरचा नट पूर्ण सैल. बॅक प्लेटवर किंवा ड्रमच्या तोंडावर रबरी बूच असतं. ते काढून स्क्रूड्रायव्हरने आतला दातेरी ॲडजस्टर शू आत येतील अशा दिशेने फिरवा. आपोआप ॲडजस्ट होणारा प्रकार असेल तर त्याची जीभ दुसऱ्या बारीक स्क्रूड्रायव्हरने बाजूला धरावी लागते, नाहीतर ॲडजस्टर मागे फिरत नाही. पुष्कळ ड्रमवर आट्यांची दोन भोकं असतात, बहुतेक वेळा ८ मिलिमीटरच्या बोल्टची. दोन्हींत बोल्ट लावून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा, ड्रम सरळ बाहेर येतो. हातोडी मारायचीच तर व्हील बोल्टांच्या मधल्या सपाट भागावर, लाकडाचा तुकडा मध्ये धरून. कडेवर मारली की बीड फुटतं. आणि तुमच्या गाडीत ड्रम आणि हब एकच असून मध्ये मोठा नट असेल तर काम इथे थांबवा. तो नट काढला की बेअरिंगचा ताण पुन्हा अचूक बसवावा लागतो, आणि ते काम टॉर्क पाना हाताशी असलेल्या माणसाचं.

ड्रम निघाला की काहीही हलवण्याआधी फोटो काढा. एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंगा कुठून कुठे जातात हे विसरलात तर दुसरी बाजू नकाशासारखी समोर असते.

आता नीट बघा. ड्रमच्या आतल्या चकचकीत पट्ट्यावर लायनरच्या लांबीरुंदीचा गंजाचा ठसा दिसेल. तिथेच तो चिकटला होता. शूवरचा लायनर पूर्ण आहे का? शू आणि लायनर यांच्या सांध्यात नख किंवा पातळ पातं घालून बघा. कुठेही शिरलं तर तो शू बाद, आणि त्याच्याबरोबर दोन्ही चाकांचे चारही. लायनर शाबूत, सांधा घट्ट आणि लायनरची जाडी मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तर ड्रमचा गंज ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढा. शू वाचले.

मग व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या बोटाने उचला. आत ओलं लागलं तर सिलिंडर बदला. नंतर केबल जिला जोडली आहे ती पट्टी बघा. एका शूच्या वरच्या टोकाला ती पिनवर डुलती बसवलेली असते आणि केबल तिच्या खालच्या टोकाला ओढते. बोटाने पुढे ढकलून सोडा. ती स्वतःहून परत येऊन शूच्या कडेला टेकली पाहिजे. पुष्कळदा ही पिनच गंजलेली असते. पिनेच्या बुंध्याशी तांबूस पूड दिसते आणि पट्टी जिथे सोडावी तिथेच राहते. तेवढ्यासाठी केबल बदलली तर आठवड्यात तोच त्रास पुन्हा. पट्टी काढून पिन तारेच्या ब्रशने घासा आणि ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावा.

बॅक प्लेटवर शू ज्यांवरून सरकतात असे छोटे सपाट उंचवटे असतात, बहुधा सहा. हे शेवटचं, पण सोडू नका. वर्षानुवर्षं घासून त्यांत खाच पडते, शू त्या खाचेत अडकतो आणि स्प्रिंगला जुमानत नाही. कानशीने घासून सपाट करा आणि तिथे त्याच ग्रीसचा ठिपका लावा. साधं ग्रीस इथे चालत नाही. तापल्यावर वितळून लायनरवर येतं आणि सिलिंडरच्या रबराला लागलं तर ते फुगतं. स्प्रिंगा निळसर पडल्या असतील किंवा वेटोळ्यांमध्ये फटी दिसत असतील तर संचच बदला.

जोडताना होणारी चूक

क्रम महत्त्वाचा आहे. इक्वलायझरचा नट सैलच ठेवून आधी ड्रममधला ॲडजस्टर लावायचा: चाक फिरवताना शू घासायला लागेपर्यंत पुढे, मग ते मोकळं होईपर्यंत थोडे दात मागे. पेडल काही वेळा दाबून शू मध्यावर बसवायचे. सगळ्यात शेवटी नट. दांडा साधारण ४ ते ८ खटक्यांत पक्का लागावा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा. दांडा पूर्ण खाली असताना दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत.

याउलट शू झिजल्यामुळे दांडा वर वर येऊ लागला की नट आवळून ‘टाइट करून देणं’ ही सर्रास होणारी गोष्ट. त्यात आतली पट्टी तिच्या विश्रांतीच्या जागेवरून कायमची पुढे सरकते, आपोआप होणारं ॲडजस्टमेंट बंद पडतं आणि शू अर्धवट लागलेले राहतात. तुमच्या गाडीत हे आधी कधी झालं असेल तर नटबाहेरचे आटे ते सांगतील. नवी केबल पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी बसते, तेव्हा खटके एकदा पुन्हा मोजा.

मेकॅनिक, मेहुणे आणि शेजारी

मेकॅनिक लुबाडतोय, असं मला या यादीवरून म्हणवत नाही. अठरा वर्षांच्या गाडीचा ड्रम उघडल्यावर त्या तिन्ही वस्तू खराब निघणं अशक्य नाही, आणि एकच बदलून गाडी परत आली तर बोल त्यालाच लागतो. मात्र यादी ड्रम उघडण्याआधी केली की नंतर, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. प्रश्न असे विचारा: केबल सोडल्यावर चाक मोकळं झालं का? निपल उघडल्यावर झालं का? सिलिंडरच्या टोपीखाली ओलं होतं का? ड्रमवर कोरलेला कमाल व्यास किती आणि मोजल्यावर किती भरला? ज्याने तपासलं आहे तो चार वाक्यांत सांगेल आणि काढलेले पार्ट दाखवेल. गाडी त्याच्याकडे न्यायची ती पूर्ण गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकवर, किंवा मागची चाकं उचलून. पुढची उचलून ओढली तर आजारी चाक रस्त्यावर घासत जाईल.

शेजाऱ्यांच्या सल्ल्यात अर्धं तथ्य आहे. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या ओल्या गाडीला हँडब्रेक ओढून ठेवू नये, हे बरोबर. पण रोजच्या गाडीत हँडब्रेक वापरायचंच सोडलं तर केबल हलत नाही, आणि न हलणारी केबल आधी गंजते. शिवाय काही गाड्यांत मागचे शू आपोआप ॲडजस्ट होतात ते दांडा ओढल्या-सोडल्यामुळेच. आणि पेडल दगा देईल त्या दिवशी हाताशी राहणारा हाच ब्रेक.

ज्यांच्या मागच्या चाकांना डिस्क आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथे अनेकदा कॅलिपरवरच, म्हणजे डिस्क दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या भागावरच, केबलची पट्टी असते आणि ती बाहेरून दिसते. दांडा खाली असताना ती आपल्या टेकूला टेकली पाहिजे. टेकत नसेल तर केबल सोडून हाताने ढकला. आता टेकली तर केबल दोषी, नाही टेकली तर कॅलिपर. अशा कॅलिपरचा पिस्टन बहुतेक वेळा फिरवत आत घालायचा असतो, शिकंज्याने दाबला तर आतला स्क्रू मोडतो. आणि फार जुन्या गाडीत चाक शोधण्याआधी हँडब्रेक आहे कुठे ते बघा: काही जुन्या साब, सुबारू आणि सित्रोएन गाड्यांत तो पुढच्या चाकांवर असतो, तर जुन्या लँड रोव्हरमध्ये गिअरबॉक्सच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे चाकांकडे ओढ नेणाऱ्या फिरत्या दांडीवर.

पुन्हा कधी गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवायची वेळ आली तर शेवटच्या फेरीत ब्रेक हलके दाबत थोडं चालवून ड्रम सुकवून घ्या. सपाट जागा, पहिला गिअर, चाकांना ठोकळे आणि दांडा खाली. मग ‘हँडब्रेक सोडलेला आहे, ठोकळे काढू नका’ अशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवा, कारण गाडी हलवायला येणारा माणूस कदाचित तुम्ही नसाल.